रोपांआधी माती : फुलबागेसाठी कंपोस्ट कसं वापरावं

पुण्याच्या कडेला आम्ही घर घेतलं तेव्हा पुढे दहा बाय वीस फुटांची मोकळी जागा मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात मी रोपवाटिकेतून अकरा गुलाब, सहा मोगरे आणि एक अनंत आणला. फूटभर खड्डे केले, प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर गांडूळखत टाकलं, रोपं लावली. दिवाळीपर्यंत गुलाब चारच उरले आणि अनंताची पानं पिवळी पडली. एक मेलेला गुलाब उपटला तेव्हा त्याची मुळं पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली होती. बाहेर एक बोटभरसुद्धा पसरली नव्हती. आजूबाजूला खणलं तर विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, प्लास्टरचे पापुद्रे आणि खाली रोलरने दाबलेला मुरूम. मुळांना जायला वाटच नव्हती.

पुढची सहा वर्षं मी रोपांपेक्षा मातीवर जास्त मेहनत घेतली. आज त्याच जागेत खुरपं कुठेही खुपसलं तरी मुठीपर्यंत आत जातं. या काळात ज्या चुकांनी माझा वेळ गेला त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. गच्चीवर कुंड्या असतील त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण हा लेख मुख्यतः जमिनीतल्या वाफ्यांसाठी आहे.

आधी जमवाजमव

कुदळ, फावडं, टिकाव (जमीन दाबलेली असेल तर याच्याशिवाय जमत नाही), दोन घमेली, खुरपं, दाताळं, बांधकामावर वाळू चाळायला वापरतात तशी अर्ध्या इंचाची जाळी, २० लिटरची बादली, झारी, दोन-तीन जुनी गोणपाटं आणि चार फूट लांबीची लोखंडी सळई. तपासण्यांसाठी काचेची एक उभी बरणी, झिपची पिशवी आणि मूठभर मेथी.

माती प्रयोगशाळेत द्यायची असेल तर नमुन्याच्या पिशवीत आणि पिशवीबाहेर एकेक चिठ्ठी घाला : नाव, पत्ता, फोन, नमुना घेतल्याची तारीख, किती खोलीवरून घेतला, आधी तिथे काय होतं आणि आता काय लावायचं आहे. शेतजमीन असेल तर गट क्रमांकही लिहा.

१. तुमची माती कोणती ते ओळखा

ही पायरी सगळेच गाळतात. मीही गाळली होती. पण कंपोस्ट किती घालायचं, कधी घालायचं, गादीवाफा (उंच केलेला वाफा) करायचा की सपाट, हे सगळं इथेच ठरतं.

बरणीची तपासणी : चार-पाच ठिकाणची माती एकत्र करा, खडे काढा, बरणी एक तृतीयांश भरा. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू तळाशी बसते, दोनेक तासांत पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण), आणि चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. थर पट्टीने मोजा. चिकणमातीचा थर निम्म्याच्या आसपास असेल तर तुमची माती भारी काळी आहे.

पाण्याची तपासणी : फूटभर खोल खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा पाणी तासाला साधारण एक इंच उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसत असेल तर नुसत्या कंपोस्टने भागणार नाही, वाफा उंच करावा लागेल.

चुन्याची तपासणी : कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की चुनखडी किंवा सिमेंटचा अंश आहे असं समजा. माझ्याकडे चांगला फेस आला होता, आणि अनंत का पिवळा पडला ते तेव्हा कळलं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झाली आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. मे महिन्यात या भेगा बारीक मुळं अक्षरशः तोडून टाकतात. तिच्यात अन्नद्रव्यं भरपूर असतात, कमी असते ती हवा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची तांबडी माती आहे, तिची गोष्ट नेमकी उलटी. पाणी झरझर निघून जातं, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अन्नद्रव्यं धुऊन नेतो, माती आम्ल असते आणि तिच्यातलं लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं. दोन्हीकडे उपाय कंपोस्टच आहे, कारण ते काळ्या मातीला भुसभुशीत करतं आणि तांबड्या मातीला पाणी धरायला शिकवतं. फरक आहे तो वेळेचा आणि मात्रेचा.

काळ्या मातीत वाळू मिसळा, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. थोडीशी वाळू घालून काहीही होत नाही, चिकणमाती तिला गिळून टाकते. खरा फरक पडायला निम्मी वाळू लागेल. तेवढ्या पैशांत दोन वर्षांचं चांगलं खत येतं.

२. एकदा तरी माती परीक्षण करून घ्या

कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याच्या जिल्हा प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. नमुना घ्यायची पद्धत नीट पाळा, नाहीतर अहवालाचा उपयोग नाही. वरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून काढा. असं सात-आठ ठिकाणी करा. सगळी माती गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. नुकतंच खत घातलेल्या जागेचा किंवा कंपोस्टच्या ढिगाजवळचा नमुना घेऊ नका.

अहवालात फुलबागेसाठी तीन आकडे बघा. सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर माती भुकेली आहे. सामू (पीएच) ६ ते ७.५ असेल तर बहुतेक फुलझाडं सुखी राहतात, ८ च्या वर गेला तर अनंतासारख्या झाडांचा हट्ट सोडावा किंवा ती कुंडीत लावावीत. तिसरा आकडा क्षारांचा, म्हणजे विद्युत वाहकतेचा. तो १ च्या वर असेल तर गांडूळखत आणि शेणखत दोन्ही जपून वापरा. बोअरच्या पाण्यावर बाग असेल तर हा आकडा वाढलेला सापडतोच.

३. खत कोणतं घ्यायचं

बाजारात ‘सेंद्रिय खत’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

कंपोस्ट म्हणजे पालापाचोळा, हिरवा कचरा आणि थोडं शेण एकत्र कुजवून केलेलं खत. माती सुधारायला हेच सगळ्यात चांगलं, कारण यात नुसतं अन्न नसतं, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थही असतो.

शेणखत पूर्ण कुजलेलं असेल तर उत्तम. त्यात नत्र (नायट्रोजन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून भरपूर घालता येतं. पण ‘पूर्ण कुजलेलं’ हे शब्द विसरू नका.

गांडूळखतात नत्र जास्त, साधारण दीड टक्का. ते झाडाला खाऊ घालायला वापरा. वाफाभर पसरायला ते महाग पडतं आणि त्याची गरजही नसते.

निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास असतं. मूठ-मूठ वापरायची वस्तू आहे ती. कोकोपीट हे खत नाही. ते पाणी धरतं, पण झाडाला अन्न म्हणून जवळजवळ काहीच देत नाही.

काही महापालिका ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट विकतात. स्वस्त असतं आणि घेण्यासारखंही असतं, पण चाळल्याशिवाय वाफ्यात घालू नका. काचेचे बारीक तुकडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या हमखास निघतात. हातमोजे घालून चाळा.

आता शेणखताचा सापळा. दुसऱ्या वर्षी मी टेम्पोभर शेणखत मागवलं. वरून काळं, कोरडं, अगदी छान दिसत होतं. उन्हाळ्यात पसरलं, पावसाळ्यात शेवंती लावली. ऑगस्टमध्ये तरारलेली रोपं एकामागून एक मान टाकू लागली. पाणी कमी पडलं म्हणून पाणी दिलं, तरी तेच. एक रोप हलकेच ओढलं तर काहीच जोर न लावता हातात आलं. खाली मुळंच नव्हती. तिथल्या मातीत करंगळीएवढी, पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी होती : हुमणी. चाळीसपैकी सव्वीस रोपं गेली.

तेव्हापासून माझा नियम असा : विकतचं शेणखत आलं की ताडपत्रीवर पातळ पसरायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचं, सळईने उकरायचं. कावळे, साळुंक्या अळ्या टिपतात, उरलेल्या हाताने वेचायच्या. हातात घेतल्यावर शेणाच्या गोवरीसारखे तुकडे लागले किंवा वास आला तर सरळ कंपोस्टच्या ढिगात टाकायचं आणि आणखी तीन महिने विसरून जायचं.

४. घरचा ढीग

स्वयंपाकघराच्या कचऱ्यातून वाफ्यापुरतं खत होईल ही अपेक्षा ठेवू नका. चार माणसांच्या घरात रोजचा ओला कचरा किलोभर धरला, तर दीड-दोन महिन्यांत जेमतेम एक बादली खत निघतं. बागेसाठी खरं भांडवल पालापाचोळ्याचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, सोसायट्यांमध्ये, रस्त्यांच्या कडेला पोत्यांनी पाला मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो जाळतात. त्या धुराने शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना खोकल्याची उबळ येते आणि मातीचं अन्न राख होऊन जातं. सफाई करणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, त्या पोती भरून दारात आणून ठेवतात. माझ्याकडे दर वर्षी वीस-पंचवीस पोती येतात. त्यांच्या श्रमाचे पैसे मात्र द्या.

ढिगाची कृती अशी. जागा सावलीची, खाली माती असलेली, फरशी नको. तळाशी वाळलेल्या काटक्यांचा सहा इंच थर, हवा जायला. त्यावर वाळलेला पाला सहा इंच, मग हिरवा कचरा दोन इंच (भाजीची देठं, कापलेलं गवत, गिरिपुष्पाचा म्हणजे ग्लिरिसिडियाचा पाला मिळाला तर फारच छान), मग शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) किंवा ताक मिसळलेलं पाणी शिंपडायचं आणि एक मूठ बागेची माती. असेच थर देत ढीग किमान तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच करा. यापेक्षा लहान ढीग तापत नाही. मोजमापाने तीन भाग वाळलेलं आणि एक भाग हिरवं धरा. कर्ब आणि नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असावं असं म्हणतात, ते याच मापाने जवळपास साधतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत तुम्ही ऐकली असेल. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं हवेशीर टाकं असतं आणि शेण अगदी थोडं लागतं. मोठं आवार असेल तर जरूर करा. घरच्या बागेला तेवढं टाकं मोठं पडतं, पण त्यातली मुख्य गोष्ट उचलण्यासारखी आहे : भिंतीला भोकं ठेवा, हवा खेळू द्या. मी जुन्या विटा मधे फट ठेवून रचल्या आहेत.

ओल किती हवी? ढिगातला मूठभर कचरा घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. कोरडा ढीग नुसता बसून राहतो, ओला ढीग सडतो. नवख्यांचा ढीग बहुतेक वेळा सडतो, कारण ओला कचरा जास्त आणि पाला कमी पडतो. वास आला की घाबरू नका, वाळलेला पाला घालून उलथापालथ करा, दोन दिवसांत वास जातो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात सळई खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हात ठेववत नसेल इतकी गरम लागली तर ढीग साठ अंशांच्या आसपास आहे. एवढ्या उष्णतेने तणाचं बी आणि रोगाचे जंतू बरेचसे मरतात. आठवड्याने ढीग वर-खाली करा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. डिसेंबरातल्या सकाळी फावडं घातलं की आतून वाफ निघते आणि चष्म्यावर धुकं धरतं. त्या क्षणासाठी मी पहाटे उठते. असं चार-पाच वेळा केलं की तीन महिन्यांत खत होतं, उलथापालथ न करता ठेवलं तर सहा ते नऊ महिने. पावसाळ्यात ढिगावर पत्रा किंवा ताडपत्री हवीच, नाहीतर सगळा कस पाण्याबरोबर वाहून जातो.

काय टाकू नये : तेलकट उरलेलं अन्न, मासळी-मटण, रोगट झाडांचे भाग, बी धरलेलं गाजरगवत, चकचकीत रंगीत कागद. निर्माल्य जरूर टाका, पण हार हाताने सोडून. आजकाल बहुतेक हारांत दोरा नायलॉनचा असतो, शिवाय जरीच्या पट्ट्या, थर्माकोलचे मणी, टाचण्या. गणपतीनंतर मी गल्लीतलं निर्माल्य गोळा करते आणि दोन दिवस नुसते दोरे काढत बसते. सहा वर्षांपूर्वी न काढलेला दोरा आजही कधीकधी खुरप्याला अडकतो. आंब्याची, फणसाची जाड पानं चुरडून टाका, अख्खी राहिली तर एकावर एक चिकटतात आणि थर हवाबंद होतो.

५. खत तयार झालं का, हे तपासा

अर्धवट कुजलेलं खत मातीत गेलं की जिवाणू उरलेलं कुजवायला मातीतलाच नत्र ओढून घेतात. खत घातल्यावर रोप पिवळं पडलं, असं लोक म्हणतात ते बहुतेक याच कारणाने. लाकडाचा भुसा घातला असेल तर फारच.

तीन तपासण्या करा. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा यायला हवा. मूठभर ओलसर खत झिपच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा, उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा भपकारा आला तर कच्चं आहे. आणि मेथीची परीक्षा : एका वाटीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसऱ्या वाटीत नुसती माती, दोन्हीत वीस-वीस दाणे पेरा. आठवड्याने खताच्या वाटीत तितकेच कोंब आणि तितकीच हिरवी पानं असतील तर खत वापरा. कोंब कमी आले किंवा टोकं करपली तर महिनाभर थांबा. एवढी एक तपासणी मी दुसऱ्या वर्षी त्या शेणखताची केली असती तर ते कच्चं आहे हे मला आधीच कळलं असतं.

६. किती घालायचं

नव्या, कधीच खत न पाहिलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी दोन इंचांचा थर. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला हे सुमारे ४७० लिटर होतं, म्हणजे २० लिटरच्या चोवीस बादल्या. मुरमाड जमिनीत तीन इंच चालेल. दुसऱ्या वर्षापासून एक इंच (बारा बादल्या), आणि माती हाताला मऊ लागू लागली की अर्धा इंच पुरे.

जितकं जास्त तितकं चांगलं, हा समज सोडा. चौथ्या वर्षी ढीग भरपूर झाला म्हणून मी चार इंच घातलं. गुलाब उंच वाढले, पानं गर्द, फुलं मोजकी आणि फांद्या मऊ पडून मावा ही कीड पडली. शिवाय वर्षानुवर्षं फार खत घातलं की स्फुरद साठत जातं आणि ते लोह व जस्त झाडापर्यंत पोहोचू देत नाही. आधीच चुनखडीची जमीन असेल तर पिवळेपणा आणखी वाढतो. म्हणजे ज्या दुखण्यावर खत घातलं तेच वाढतं.

७. मातीत मिसळणं

इथे एकच शब्द मनात कोरून ठेवा : वाफसा. ओल आहे पण चिखल नाही, अशी मातीची अवस्था. पहिल्या वर्षी जोरदार पावसानंतर दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेतली, तेव्हा समोरच्या बंगल्यातले माळीकाका रस्ता ओलांडून आले. म्हणाले, “ताई, आज नका हात लावू. वाफसा येऊ द्या. आत्ता खणाल तर विटा पडतील.” मी ऐकलं नाही. वाळल्यावर खरोखर विटेसारखी ढेकळं झाली आणि ती फोडायला पुढचा सबंध पावसाळा जावा लागला. मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, चपटा झाला तर थांबा.

राडारोडा आधी वेचून काढा. नऊ इंच खोल खणा, तळ कुदळीने नुसता सैल करा, खालची माती वर आणू नका. वर कंपोस्ट पसरा आणि आठ-नऊ इंचांपर्यंत मिसळा. भारी काळ्या मातीत वाफा जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच करा आणि दोन वाफ्यांत चालायला वाट सोडा. मग वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही सांगा. पाणी द्या, पाल्याने झाका, दोन आठवडे तसाच ठेवा. लागवड त्यानंतर.

जुनी झाडं असतील तिथे मात्र खणू नका. प्राजक्त, सोनचाफा, जास्वंद यांची अन्न घेणारी मुळं अगदी वरच असतात. खोडापासून वीतभर अंतर सोडून इंचभर कंपोस्ट वरूनच पसरा, गांडुळं ते खाली नेतील. खोडाला खत टेकवलं तर साल कुजते.

फक्त खड्ड्यात खत भरून बाहेरची माती तशीच ठेवू नका, ही माझी सगळ्यात पहिली चूक. घट्ट मातीत तो खड्डा कुंडीसारखा होतो, पाणी साठतं आणि मुळं बाहेर पडायला तयार होत नाहीत. पूर्ण वाफा सुधारा, मग खड्डा रोपाच्या पिशवीएवढा केला तरी पुरतो.

कुंड्यांसाठी एक भाग कंपोस्ट, एक भाग माती, एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस. निव्वळ कंपोस्टमध्ये लावू नका, ते वर्षात निम्मं खचतं.

८. कोणत्या फुलाला कधी

गुलाब : पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी, त्याच वेळी झाडामागे अर्धी बादली कंपोस्ट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. फेब्रुवारीत पुन्हा थोडं.

मोगरा : डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून छाटणी, मग आळं उकरून कंपोस्ट आणि भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या लागतात. या क्रमात चूक झाली की नुसता पाला येतो.

शेवंती : जून-जुलैत उंच वाफ्यात लावावी. खत लागवडीपूर्वीच मिसळलेलं असावं. मुळाशी पाणी साठलं की संपली.

झेंडू : दसऱ्याला फुलं हवीत तर जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला रोपं लावा. कंपोस्ट एक इंच पुरे, जास्त झालं तर झाडं कमरेएवढी होतात आणि फुलं उशिरा येतात.

निशिगंध : कंद पावसाआधी. याला मात्र हात सैल सोडून खत द्या, तो खादाड आहे.

सदाफुली, बोगनवेल, गोकर्ण यांना जवळजवळ काहीच देऊ नका. बोगनवेलीला खत आणि पाणी वाढलं की फुलायचं थांबते. गोकर्ण शेंगवर्गातलं, नत्राची सोय मुळांवरच्या गाठींत स्वतःच करतं.

अनंत आणि अबोली माझ्या माहेरी रत्नागिरीकडे कुंपणाला सहज फुलतात. तिथे वेळ वेगळी पाळावी लागते. जूनच्या आधी घातलेलं खत पावसाबरोबर जातं, म्हणून आई मुख्य खत सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरताना घालते आणि पावसाळ्यात फक्त पाल्याचं जाड आच्छादन ठेवते. पुण्याकडे मी मुख्य खत मे-अखेरीस, वळवाचा पाऊस होऊन वाफसा आल्यावर घालते आणि थोडं ऑक्टोबरात.

९. वर पांघरूण हवंच

आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ फार लवकर जळून जातो. उघड्या वाफ्यातलं खत एका उन्हाळ्यात निम्मं संपतं, असा माझा अंदाज आहे. म्हणून वाफ्यावर दोन-तीन इंच वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट कायम ठेवा. मातीला भेगा पडत नाहीत, पाणी एक दिवसाआड दिलं तरी चालतं आणि खालून पाला खत होत राहतो. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. वाळवी दिसली तर आच्छादन पातळ करा आणि ओल टिकवा, कोरड्या काड्यांकडे ती आधी येते.

फरक कधी दिसेल? पहिल्या वर्षी खणताना सोपं जाईल, एवढंच. दुसऱ्या पावसाळ्यात आच्छादन उचललं की गांडुळांची बारीक गोळ्यांची विष्ठा दिसू लागेल, ती दिसली की ढिगावरची मेहनत चालू ठेवा आणि रासायनिक खताचा डबा बाजूला ठेवून बघा. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा गुलाब आणले, सहाच. या ऑक्टोबरात त्यातला एक दुसऱ्या वाफ्यात हलवायचा होता. खोडाभोवती फूटभर अंतरावरून कुदळ घातली, तर तिथेही दोऱ्यासारखी पांढरी मुळं लागली. मग तो तिथेच ठेवला, वर दोन घमेली खत पसरलं आणि पाणी दिलं.